फवारलेल्या लायनरवर गालिचा बसवला, त्याची गोष्ट

आमची पिकअप म्हणजे फोर्ड एफ-१५०, साडेपाच फुटी हौद्याची, सेकंडहँड घेतलेली. राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून तासाभरावर. गाडी घेतली तेव्हाच हौद्याला आतून काळं लायनर फवारलेलं होतं. पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया थेट पत्र्यावर मारतात, ते वाळलं की जांभ्या दगडासारखं खरखरीत आणि टणक होतं. माल सरकत नाही, पत्र्याला ओरखडा येत नाही. पण गणपतीत मंडळाचं प्लायवूडचं मखर त्यातून नेलं आणि कोपऱ्यांवरचा रंग पार खरवडून निघाला. मखर बाहेर काढायला आत रांगत गेलो तेव्हा माझे दोन्ही गुडघे सोलले. त्याच आठवड्यात गालिच्यासारखं लायनर मागवलं.

हा गालिचा घरातल्यासारखा नसतो. पॉलिप्रॉपिलीनचा असतो, खाली फोमचा थर. पाणी धरत नाही, पाइपनं धुतला की उन्हात सुकतो. तळाचा एक तुकडा, दोन बाजूंचे, पुढच्या भिंतीचा आणि फाळक्याचा, असे पाच तुकडे आले. तळाचा तुकडा अंथरला की झालं, तो स्वतःच्या वजनानं बसतो. बाजूच्या तुकड्यांना चाकाच्या फुगवट्यावर थोडं ओढावं लागतं. हे सगळं तासाभरात झालं आणि मला वाटलं, दुपारच्या जेवणापर्यंत मोकळा होईन.

त्यानंतर साडेपाच आठवडे गेले.

उभे तुकडे वेल्क्रोवर धरायचे असतात. एक बाजू गालिच्याच्या पाठीला असते, दुसरी बाजू म्हणजे गोंदाची पट्टी, ती हौद्याला चिकटवायची. खोक्यावर ठळक लिहिलं होतं, ‘मोकळ्या किंवा फवारलेल्या हौद्यासाठी’. आतल्या कागदावर मात्र एवढंच: पृष्ठभाग स्वच्छ करा, पट्टी लावा, घट्ट दाबा. ही कृती गुळगुळीत रंगावर चालेल. मी भांड्यांच्या साबणानं हौदा धुतला, सुकवला, पट्ट्या लावल्या, अंगठ्यानं जोर लावून दाबल्या. सकाळी बघतो तर पुढच्या भिंतीचा तुकडा दोरी तुटलेल्या पडद्यासारखा खाली पडलेला. पट्ट्या त्याच्याच पाठीला चिकटून आल्या होत्या.

सुटलेली एक पट्टी उजेडात धरून पाहिली. गोंदावर काळे ठिपके उठले होते, एकमेकांपासून दूर दूर. मधला सगळा गोंद कोरा, चकचकीत, जणू कशाला लागलाच नव्हता. म्हणजे पट्टी लायनरच्या उंचवट्यांच्या फक्त टोकांना टेकली होती. तेवढ्यावर पुढच्या भिंतीचा गालिचा कसा तगणार?

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका बाईंनी कागदावरचीच तीन वाक्यं वाचून दाखवली. मी म्हटलं, लायनर खडबडीत आहे, त्याचं काय करायचं? त्या म्हणाल्या, जास्त जोरानं दाबा. फोटो पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आलं की गालिचा मूळ खोक्यात, मूळ घड्यांत परत पाठवा, येण्याजाण्याचं भाडं तुमचं. पाच तुकडे पसरून दहा दिवस झाल्यावर मूळ घड्या कुठून आणायच्या? मी परत पाठवला नाही. मला पैसे नको होते, गालिचा बसायला हवा होता. एवढ्या ठळक अक्षरांत ‘फवारलेल्या हौद्यासाठी’ छापणाऱ्यांनी त्या हौद्यावर तो कसा बसवायचा याच्या दोन ओळी छापायला हव्या होत्या, हे मी आजही म्हणतो.

त्या नऊ दिवसांत बाकीचे पर्याय तपासले. लोहचुंबकाच्या पट्ट्या मागवणार होतो, पण फोर्डनं २०१५च्या मॉडेलपासून या गाडीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली आहे, चुंबक लागतच नाही. स्क्रू मारायला शेजारी तयार होते. त्यांना नको म्हटलं. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं. लोखंडी स्क्रू, अ‍ॅल्युमिनियम आणि मिठाचं पाणी एकत्र आले की भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खात जातं. शिवाय चांगल्या लायनरला भोक पाडायचं कशाला?

वाट सापडली ती सांगलीहून. माझ्या मामांचं तिथे कुशनचं दुकान होतं, रिक्षा आणि टेम्पोच्या सीटा करायचे. रविवारी फोनवर सहज सांगितलं तर म्हणाले, “अरे, घासलंस का आधी?”

म्हटलं, “मामा, धुतलं चांगलं.”

“धुणं वेगळं, घासणं वेगळं. पंक्चरवाला ट्यूब घासल्याशिवाय सोल्युशन लावतो का कधी?”

लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेली गोष्ट, आणि मला सुचली नव्हती. पट्टी जिथे बसणार तिथे खडूनं चौकोन आखले आणि तेवढ्यातच ८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासलं. लायनर सोलून काढायचं नाही, फक्त उंचवट्यांची टोकं सपाट करायची. हात फिरवला की कळतं. पुढच्या भिंतीवर आठ चौकोन होते, एकेकाला दहा-पंधरा मिनिटं लागली. तोंडाला मास्क लावा, भुकटी बारीक असते.

घासून पाणी शिंपडलं तर अळवाच्या पानावर उभे राहतात तसे थेंब गोल उभे. आधीच्या मालकानं लायनर चमकवायचा स्प्रे मारलेला होता, सिलिकॉनचा. अशा थरावर गोंद धरत नाही. साबणानं तो पुरता जात नाही, नुसत्या अल्कोहोलनंही नाही. गाडी रंगवणारे रंगाआधी मेण आणि तेल काढायला जे द्रावण वापरतात ते आणलं, एका फडक्यानं लावलं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोऱ्या फडक्यानं पुसलं. असं तीनदा केल्यावर पाणी पसरायला लागलं. द्रावण आधी कोपऱ्यात थोडंसं लावून बघा, काही लायनरचा रंग उतरतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसलं. खरं तर सिलिकॉन घासण्याआधीच काढायला हवं होतं, घासताना ते कागदाबरोबर पसरतं. पाण्याची ही परीक्षा सगळ्यात आधी करा.

मग थ्रीएमचं प्रायमर ९४, पातळ हात. यानं गोंदाची पकड वाढते. चार-पाच मिनिटांत सुकतं, त्यावर पट्टी.

थंडीचं राहिलंच. तोवर ऑक्टोबर संपत आला होता, गॅरेजमध्ये ९ अंश. अशा टेपांना साधारण २१ अंशांच्या वर लावायचं असतं, आणि तेही हवेचं तापमान नव्हे, पत्र्याचं. दोन तास हीटर लावून हौदा तापवला. पण प्रायमर पेट घेणारं असतं, त्याची वाफसुद्धा. म्हणून बाटली उघडण्याआधी हीटर बंद करून बाहेर ठेवला, दार उघडलं आणि भराभर काम उरकलं. बायको पट्ट्या कापून हातात देत होती, मी लावून लहान रबरी रोलर फिरवत होतो. अंगठ्यापेक्षा रोलरनं दाब सारखा बसतो. वास गेल्यावर दार लावून परत हीटर.

आणि यानंतर गालिचा लावायचा नाही. माझा सगळ्यात जास्त जीव इथेच वरखाली झाला. अशा अ‍ॅक्रिलिक गोंदाची पकड वीस मिनिटांत निम्मी, दिवसभरात नव्वद टक्के आणि पुरती ७२ तासांनी येते, तीही खोलीच्या तापमानाला. मी तीन दिवस आणि वर एक दिवस थांबलो. रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन नुसतं बघून यायचो, हात लावायचा नाही म्हणून हात खिशात. चौथ्या दिवशी पुढचा तुकडा लावला आणि खालचा काठ धरून ओढला. वेल्क्रो करकरलं, पट्टी हलली नाही. मी तिथूनच मामांना व्हिडिओ कॉल केला, सांगलीत पहाट होती तरी.

बाजूच्या तुकड्यांना एवढ्या पट्ट्या लागत नाहीत, वरच्या काठाला तीन-तीन पुरल्या. फाळक्याला मात्र कंजूषी करू नका, तो रोज आपटतो. आणि पाणी जायची भोकं तळाच्या तुकड्याखाली बंद होत नाहीत ना, हे अंथरायच्या आधी पाहा. मी नंतर पाहिलं आणि तळ परत उचलावा लागला.

त्यावर एक अख्खा हिवाळा गेला, शून्याखाली वीसपर्यंत. यंदा मखर त्याच गाडीतून गेलं, रंगाला चरा नाही, आणि मी आत रांगत जाऊन ते स्वतः बाहेर काढलं. फाळक्याचा डावा कोपरा तेवढा जरा उचलला आहे. तिथली पट्टी मी शेवटी लावली होती, हौदा थंड व्हायला लागल्यावर. जूनमध्ये उन्हात परत घासून लावणार आहे, प्रायमर थोडं ठेवलं आहे त्यासाठी.