तुम्ही विचारलंत म्हणून: व्यायामांनी बरं झालं का?

लेडीज डब्यात कानाशी लागून, सणावाराला वहिनींकडून, प्रश्न एकच: "त्या फिजिओच्या व्यायामांनी बरं झालं का गं?" कपड्यात लघवी होते, एवढं मात्र कुणी उच्चारत नाही. म्हणून मीच उच्चारते.

काहींना खोकताना, शिंकताना होते. माझं तसं नाही. माझी घाई, आली की आलीच. आणि "वय झालं की व्हायचंच" हे मला सांगू नका.

त्या संध्याकाळी घणसोलीहून ठाण्याला उतरले, रिक्षाच्या रांगेत उभी राहिले, तोवर काही नव्हतं. सोसायटीच्या गेटात शिरले आणि कळ आली. लिफ्ट सातव्यावर अडकलेली. पर्समध्ये चावी हाताला लागली आणि तिथेच झाली. मागे शेजारचा मुलगा बॅट घेऊन उभा. मी बाटली उघडून उरलेलं पाणी स्वतःच्या सलवारवर ओतलं. "अगंबाई, सांडलं बघ!" तो वॉचमनकडून फडकं घेऊन आला, गुडघ्यांवर बसून पुसायला लागला. "राहू दे काकू, मी करतो." त्याच्या हातून फडकं ओढून घ्यायचं होतं, पण वाकले असते तर आणखी झाली असती. मी नुसती बघत राहिले.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग नाही हे बघून फिजिओकडे पाठवलं. तिने आधी वही घालून दिली: काय प्यायले, कधी गेले, मापाच्या भांड्यात किती झाली. मूत्राशयात साधारण 300 ते 500 मिली मावतं. माझी घाई दीडशेच्या आतच. "निघताना कळ नसतानाही जाऊन घ्यायची सवय, त्यानेच मूत्राशय थोड्यात घाई करतं," ती म्हणाली. मी भांडले. लोकलला संडास आहे का? पाणी तोडावं, तर लघवी गडद होऊन जास्तच डिवचते.

तिने शिकवलं ते असं: कळ आली की धावायचं नाही. जागीच थांबायचं, वारा अडवताना आवळतो ते स्नायू पटापट आवळायचे-सोडायचे, श्वास न रोखता. मूत्राशय शांत होतं, मग सावकाश जायचं. लघवीला जायच्या दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. किमान तीन महिने. पण आधी तपासून घ्या; काहींचे स्नायू मुळातच ताठ असतात, त्यांना सोडायला शिकावं लागतं.

बरं झालं का? बहुतेक वेळा कळ ओसरते. पॅड अजून पर्समध्ये असतो. आणि ऑफिसातून निघताना मी अजूनही जाऊन येते, कळ नसताना. फिजिओला पटत नाही. तिने एकदा संध्याकाळच्या ठाणे गाडीत दारापाशी चेपून उभं राहून बघावं.