सॅपच्या तीन सिस्टिम उभारताना: माझा अनुभव

संस्थेचे हिशेब, खरेदी आणि साठा हे सर्व व्यवहार सॅप या व्यवसाय व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरवर आणायचे ठरले, तेव्हा डेव्हलपमेंट (बदल तयार करण्यासाठी), क्वालिटी (चाचणीसाठी) आणि प्रॉडक्शन (प्रत्यक्ष कामकाजासाठी) अशा तीन सिस्टिम उभ्या करण्याचे बेसिसचे, म्हणजे सॅपच्या तांत्रिक व्यवस्थापनाचे, काम माझ्याकडे आले. इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. प्रत्येक सिस्टिमला तीन अक्षरी ओळख मिळते, तिन्हींसाठी एक सामाईक ट्रान्सपोर्ट डिरेक्टरी (बदलांच्या फाइल ठेवण्याची जागा) ठरते आणि एसटीएमएस या ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे एका सिस्टिममधून दुसरीत बदल नेण्याच्या, साधनात मार्ग आखले जातात: डेव्हलपमेंटपासून क्वालिटीपर्यंत कन्सॉलिडेशन मार्ग आणि तेथून प्रॉडक्शनपर्यंत डिलिव्हरी मार्ग. मार्ग आखायला वेळ लागत नाही. प्रत्येक बदल त्याच मार्गाने जाईल याची व्यवस्था लावायला मात्र महिने लागतात.

सुरुवात प्रॉडक्शनला कुलूप लावण्यापासून झाली. एससीसी४ या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये क्लायंटची (सिस्टिममधील स्वतंत्र कार्यक्षेत्राची) भूमिका 'प्रॉडक्टिव्ह' ठेवून मी तेथील कॉन्फिगरेशन आणि प्रोग्रॅम या दोन्हींतील बदल बंद केले, आणि एसई०६ या दुसऱ्या स्क्रीनमधून संपूर्ण सिस्टिमच बदलांसाठी बंद केली. लेखा विभागाची हरकत लगेच आली आणि ती रास्त होती: महिनाअखेरीस पोस्टिंगचा कालावधी उघडणे व मिटवणे, विनिमय दर भरणे ही कामे ट्रान्सपोर्टची वाट पाहत कशी थांबणार? अशा मोजक्या नोंदींसाठी सॅपने 'करंट सेटिंग्ज'ची सोय ठेवलेली आहे. क्लायंटची भूमिका प्रॉडक्टिव्ह असेल, तर कुलूप असतानाही त्या थेट बदलता येतात. ही यादी विभागासमोर ठेवल्यावर हरकत मिटली आणि उरलेला प्रत्येक बदल डेव्हलपमेंटमधूनच येईल हे मान्य झाले. नंबर रेंज (दस्तऐवजांना मिळणाऱ्या क्रमांकांचे पल्ले) मात्र प्रत्येक सिस्टिममध्ये हातानेच भरायच्या असे आम्ही ठरवले, कारण त्या ट्रान्सपोर्ट केल्या तर त्यांच्यासोबत चालू क्रमांकही पुढे जातो आणि समोरच्या सिस्टिममधील क्रमांक पुसला जातो.

सर्वाधिक वेळ गेला तो रिक्वेस्टच्या, म्हणजे एकत्र पाठवायच्या बदलांच्या गठ्ठ्यांच्या, क्रमावर. डेव्हलपरने रिक्वेस्ट रिलीज केली की तिची कोफाइल (रिक्वेस्टची नियंत्रण माहिती असलेली फाइल) आणि डेटा फाइल ट्रान्सपोर्ट डिरेक्टरीत उतरते आणि ती क्वालिटीच्या इम्पोर्ट रांगेत लागते. इम्पोर्टचा निकाल सांगणारा रिटर्न कोड ० आला तर प्रश्न नसतो, ४ आला तर इशारा वाचून पुढे जाता येते, ८ आला तर त्रुटी शोधावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत ८ वारंवार दिसे आणि कारण बहुधा एकच असे: प्रोग्रॅम एका रिक्वेस्टमध्ये, आणि तो ज्या टेबलवर अवलंबून आहे ते टेबल दुसऱ्याच, अद्याप रिलीज न झालेल्या रिक्वेस्टमध्ये. याहून घातक प्रकार रिटर्न कोडमध्ये दिसतच नाही. एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या दोन रिक्वेस्टमध्ये असतील आणि जुनी आवृत्ती नंतर इम्पोर्ट झाली, तर दोन्ही वेळा ० येऊनही प्रॉडक्शनमध्ये जुनाच प्रोग्रॅम बसतो. म्हणून इम्पोर्ट रिलीजच्या क्रमानेच करायचे, एखादी रिक्वेस्ट चाचणीत नापास झाली तर ती मधूनच गाळण्याऐवजी तिची दुरुस्ती नव्या रिक्वेस्टने मागून पाठवायची, आणि एसटीएमएसमधील क्यूए (क्वालिटीतील चाचणीनंतरची) मंजुरी मिळाल्याशिवाय काहीही प्रॉडक्शनमध्ये न्यायचे नाही, असा नियम मी आग्रहाने लावून घेतला. निकडीच्या दुरुस्तीच्या वेळी हा नियम जाचक वाटतो, हे मला मान्य आहे. परंतु क्वालिटीत एका क्रमाने तपासलेले काम प्रॉडक्शनमध्ये दुसऱ्या क्रमाने गेले, तर आपण नेमके काय तपासले हेच सांगता येत नाही.

गो-लाइव्हनंतर (प्रॉडक्शनमध्ये प्रत्यक्ष कामकाज सुरू झाल्यावर) काही काळाने खऱ्या डेटावर चाचणी करण्याची गरज भासली आणि प्रॉडक्शनची प्रत क्वालिटीवर घेण्याचे काम आले. मला हा टप्पा सर्वांत जोखमीचा वाटतो, कारण नव्याने सुरू झालेली प्रत स्वतःला प्रॉडक्शनच समजत असते: तिच्यातील जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामे) वेळ होताच सुटतात, मेल खऱ्या पुरवठादारांना जातात, आरएफसी जोडण्या (इतर सिस्टिमशी संपर्काच्या वाटा) खऱ्या सिस्टिमकडे बोट दाखवतात. त्यामुळे सिस्टिम सुरू करण्यापूर्वीच प्रोफाइलमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) जॉब चालवणाऱ्या बॅकग्राउंड वर्क प्रोसेसची संख्या शून्य केली, सुरू झाल्यावर बीटीसीटीआरएनएस१ हा प्रोग्रॅम चालवून सर्व जॉब स्थगित केले, स्कॉट या मेलच्या सेटिंगमधून मेल बंद केले आणि एसएम५९ मधील आरएफसी जोडण्या एकेक करून बदलल्या. त्यानंतर बीडीएलएस या साधनाने लॉजिकल सिस्टिमची नावे, म्हणजे डेटामध्ये क्लायंट ज्या नावाने ओळखला जातो ती नावे, बदलली. मोठ्या टेबलांवर हे काम तासन्‌तास चालते, त्यामुळे त्याचा वेळ नियोजनात आधीच धरावा लागतो. बँक खाते क्रमांक आणि वैयक्तिक माहिती झाकल्यानंतरच चाचणी करणाऱ्यांची खाती उघडली.

एवढे झाल्यावरही एक काम उरते. क्वालिटीत आलेल्या पण प्रॉडक्शनमध्ये अजून न गेलेल्या रिक्वेस्ट या प्रतीत नसतात. त्यांची यादी रिफ्रेशपूर्वीच (ही प्रत घेण्याआधीच) काढून ठेवली होती. त्या सर्व रिक्वेस्ट मूळ क्रमाने पुन्हा इम्पोर्ट केल्या, लॉग तपासले आणि मग सिस्टिम चाचणी गटाच्या ताब्यात दिली.