उंच कोपरा

संगमनेर तालुक्यातली एक वस्ती, 18 मे, दुपारचे साडेबारा. आम्ही सकाळपासून ठोकलेल्या 42 खुंट्यांपैकी एकीचीही सावली पडत नव्हती. आपल्याकडे मेच्या मध्यावर सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, तो हा दिवस. मिस्त्री खुंट्यांकडे बघत म्हणाला, "मॅडम, आज ऊनसुद्धा ओळंब्यात आहे."

राहुरीहून कृषी अभियांत्रिकी करून बाहेर पडले, त्याला 14 वर्षं झाली. गोठे, कांदा साठवायच्या चाळी, मुरघासाचे (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) खड्डे यांचे आराखडे करून देते. सगळं आवार एकदम आखायला सांगणारा माणूस मात्र क्वचित भेटतो. बहुतेक जण आधी गोठा बांधतात, कांद्याला भाव आला की चाळ, मग उरलेल्या जागेत मुरघास. दहा वर्षांनी मला फोन येतो तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली वळायलाही जागा उरलेली नसते आणि उकिरडा विहिरीच्या उशाला आलेला असतो.

या घरात तसं नव्हतं. 2022 मध्ये लम्पी, जनावरांचा साथरोग, आला तेव्हा त्यांची एक कालवड गेली. आजारी जनावर वेगळं बांधायला जागाच नव्हती, सगळी एकाच दावणीला. तेव्हापासून घरमालकांनी, म्हणजे दादांनी, ठरवलं होतं की पुढचं बांधायचं ते नीट विचार करून. रस्त्याकडेचे 20 गुंठे मोकळे ठेवले होते: पूर्व-पश्चिम 200 फूट, दक्षिणोत्तर 110. जुनं घर आणि विहीर उत्तरेच्या कडेला, गावरस्ता दक्षिणेला. 30 गायींचा मुक्त संचार गोठा, 25 टनांची चाळ, मुरघास, कडब्याची गंज, खतखड्डा आणि आजारी जनावराचा कप्पा, एवढं सगळं त्यात बसवायचं होतं.

गोठ्याचा हिशोब सरळ असतो. मोठ्या गायीला छपराखाली साडेतीन चौरस मीटर, उघड्यावर सात. 30 गायींना छपराखाली साधारण साडेअकराशे चौरस फूट झाले. गव्हाणीवर दर गायीला अडीच फूट धरले की गव्हाण 75 फूट लांब, म्हणून छप्पर 75 बाय 16. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आडवं आत घुसत नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला 47 अंशांवरच असतो, त्यामुळे 10 फूट उंचीच्या पागोळीखालून ऊन 9 फुटांपर्यंत आत येतं. थंडीत ते हवंच असतं, खालची जमीन सुकते. मोकळं आवारही म्हणून दक्षिणेलाच घेतलं.

गोठा पूर्वेला ठेवला, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि वास, माश्या घरापासून लांब जातात. कोणीतरी वास्तुवाला येऊन वायव्येचा गोठा सांगून गेला होता. मी काही बोलायच्या आत वहिनीच म्हणाल्या, "मग चार महिने शेणाच्या वासात भाकरी तेच थापणार का?" विषय तिथेच मिटला.

कागदावरचा आराखडा मी मिस्त्रीच्या हाती तसाच देत नाही. आधी जमिनीवर फक्कीने आखते, 3-4-5 च्या दोरीने कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, घेते आणि घरच्यांना त्या रेघांमधून चालायला लावते. त्यात निम्मा आराखडा बदलतो. त्या दिवशीही बदलला. थोरल्या मुलाने ट्रॉली लावून ट्रॅक्टर फिरवला, तर मागचं चाक मुरघासाच्या खड्ड्याचा कोपरा खाऊन गेलं. खड्डा आठ फूट मागे गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या की व्यायला आलेली गाय इथून दिसली पाहिजे, रात्री तीनदा उठून बॅटरी घेऊन मी यायची नाही. गाभण गायींचा कप्पा गोठ्याच्या पश्चिम टोकाला आला. ही मागणी माझ्या 14 वर्षांच्या वह्यांमध्ये कुठेच नव्हती. आता प्रत्येक घरी विचारते.

सकाळी दुधाचा टेम्पो आला होता. चालक उतरून रेघा बघत उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, रस्त्याचं तेवढं बघा. पाऊस लागला की मी आत येतच नाय. हे लोक कॅन उचलून रस्त्यावर आणतात." मी वहीत लिहिलं: प्रवेशमार्गावर 6 इंच मुरूम. गाडी का रुतते, एवढं मी विचारलं नाही.

चाळीची जागा मी पश्चिमेच्या टोकाला धरली होती. मशीन लावून जमिनीची पातळी मी स्वतः घेतली होती. पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत 200 फुटांत अडीच फूट उतार, म्हणजे 80 ला 1. कांद्याला कोरडी, हवेशीर जागा लागते. मग सगळ्यात उंच कोपरा चाळीला, सगळ्यात खालचा गोठ्याला आणि खताला. दुपाखी चाळ, म्हणजे कांदा भरायचे दोन लांब कप्पे, 40 फूट लांब, प्रत्येक पाखी चार फूट रुंद, पाच फूट थर, तळ जमिनीपासून दोन फूट वर. दादांनाही तीच जागा पटली होती, इतकी की काढलेल्या कांद्याची पोळ, म्हणजे रचलेला ढीग, त्यांनी तिथेच लावली होती. 200 क्विंटल तरी असेल, वर पातीचं पांघरूण.

साडेचारला पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वळवाचं हे असंच, पावसाळ्याच्या उलट दिशेने येतो. आधी धूळ, मग वाऱ्याचा एक झोत, त्यात माझा कागद उडून विहिरीच्या दिशेने गेला तो गेलाच. आम्ही सगळे ताडपत्री घेऊन पोळीकडे पळालो. पहिली पाचेक मिनिटं आमची भांडणं फक्त वरून येणाऱ्या पाण्याशी होती. ताडपत्रीची टोकं दगडांनी दाबत होतो, मिस्त्री त्यावर आडवा झोपला होता.

मग थोरल्याने हाक मारली, "आई, खालून!"

पश्चिमेच्या बांधावरून पाणी येत होतं. थेंब-थेंब पाझर नव्हे. हातभर रुंद, लाल, पाचट आणि माती घेऊन येणारा लोट. तो सरळ पोळीच्या तळाशी शिरला, दुसऱ्या बाजूने बाहेर पडला आणि माझ्या फक्कीच्या रेघा एकेक करून पुसत चालला. चाळ गेली, मुरघासाचा खड्डा गेला. प्रवेशमार्गावर येऊन तो पसरला आणि साचला, बरोबर जिथे टेम्पो रुतत असे तिथे. दादांनी टिकाव घेतला, मी खोरं. पोळीच्या वरच्या अंगाला आम्ही वेडावाकडा चर काढला आणि पाणी कडेकडेने रस्त्याच्या गटाराकडे वळवलं. पाऊण तासात सगळं शांत. पूर्वेचा, सगळ्यात खालचा कोपरा, जिथे मी पाणी साचेल असं धरलं होतं, तिथे चिखलसुद्धा जेमतेम होता.

पोळीचा तळाचा थर भिजला. तो निवडून वेगळा काढायला रात्रीचे अकरा वाजले. भिजलेला कांदा ठेवून उपयोग नसतो, तो सडतो आणि शेजारच्यालाही सडवतो.

त्या निवडीच्या वेळी कळलं ते असं. वरच्या बाजूचं दोन एकरांचं रान शेजाऱ्याचं. पूर्वी त्या बांधाला एक ताल होता, पाणी त्यातून ओढ्याला जायचं. शेजाऱ्याने दीड-दोन वर्षांपूर्वी रान सपाट करून घेतलं आणि ताल बुजला. "मला वाटलं तुम्हाला दिसलं असेल," दादा म्हणाले. मी पातळी घेतली होती ती आमच्या चार खुणांच्या आत. बांधाच्या पलीकडे मशीन लावलंच नव्हतं. आमच्या आवाराचा सगळ्यात उंच कोपरा म्हणजे शेजारच्या रानाचा सगळ्यात खोल कोपरा होता.

झोप येणार नव्हती, म्हणून ओट्यावर बसून आकडेमोड केली. अंगणात राहिलेल्या सरळ भिंतीच्या पत्र्याच्या डब्यात चार सेंटिमीटर पाणी साठलं होतं. दोन एकर म्हणजे 8,000 चौरस मीटर. त्यावर 40 मिलिमीटर पाऊस म्हणजे 3 लाख 20 हजार लिटर. निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं तरी 1 लाख 60 हजार लिटर पाणी त्या एका कोपऱ्यातून आत आलं. दहा हजार लिटरचे 16 टँकर. मी त्या टँकरांच्या तोंडापाशी कांदा ठेवायला निघाले होते. कांद्याला साठवणीत 65-70 टक्के आर्द्रता मानवते आणि चाळीचा तळ उचलतो तो खालून हवा खेळावी म्हणून. त्या हवेच्या वाटेत दर पावसात पाणी वाहिलं असतं, तर ऑगस्टपर्यंत कांद्याला कोंब तरी फुटले असते किंवा कूज तरी लागली असती. सरकारी नकाशाप्रमाणे बांधलेल्या आदर्श चाळीत!

सकाळी टेम्पो रस्त्यावरच थांबला. चालकाने चिखलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. कॅन मीही उचलले.

त्या दिवशी पातळी पुन्हा घेतली, या वेळी शेजाऱ्याच्या रानाच्या वरच्या टोकापासून. त्याच्या गड्याने हरकत घेतली नाही. मालक तालुक्याला गेले होते. गोठा जिथे होता तिथेच राहिला. चाळ दक्षिणेला रस्त्यालगत आणली, दीड फूट मुरमाच्या भरावावर. पिकअप थेट पाखीला लावता येईल, हे मला आधी सुचायला हवं होतं. पश्चिमेच्या बांधालगत आतल्या बाजूने चर: वर तीन फूट रुंद, दोन फूट खोल, उत्तरेकडे उतार देऊन ओढ्यापर्यंत. रिकाम्या झालेल्या उंच कोपऱ्यात कडब्याची गंज घ्यावी असं दादांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. पश्चिमेच्या वाऱ्यात गंज पेटली तर ठिणग्या घरावर येतील. तिथे आता बाभळी आणि शेवगा आहे.

दुसऱ्या फेरीचे पैसे मी घेतले नाहीत. दादांनी भिजल्या कांद्याचा विषय काढला नाही.

गोठा उभा आहे, चाळही. आजारी जनावराचा कप्पा दक्षिण-पूर्वेला, स्वतंत्र हौदासह, आणि सुदैवाने आजवर त्यात फक्त कोंबड्या बसल्यात. चराचं काम मात्र शेवटच्या 30 फुटांवर अडलंय. ओढ्याजवळचा तेवढा तुकडा शेजाऱ्याच्या हद्दीतून जातो आणि दोघांचं बोलणं 11 वर्षांपासून बंद आहे, तेही कुठल्यातरी पाण्यावरूनच. तूर्त तिथे घराच्या मागून वळसा घालून नऊ इंची सिमेंटचा पाइप टाकलाय. मोठ्या पावसाला तो पुरत नाही. दर मेमध्ये वहिनींचा फोन येतो, "ताई, जमलं तर एकदा तुम्हीच शेजारी जाऊन बोला ना. तुमचं ऐकतील ते." मी दोनदा गेले. चहा चांगला मिळाला.