आठवड्यातला कार्यशाळेचा दिवस

आठवी ते दहावी या तिन्ही वर्षांत आठवड्यातला एक दिवस आपल्या शाळेत आम्ही 'मूलभूत तंत्रज्ञान' या विषयासाठी वर्गाबाहेर असायचो. शिक्षकांपासून पालकांपर्यंत सगळे त्याला 'आयबीटी' ('इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी') म्हणत. आज रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचा देखभाल विभाग सांभाळताना आणि दरवर्षी नव्या प्रशिक्षणार्थींच्या मुलाखती घेताना त्या दिवसाचे मोल मला सतत जाणवते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याविषयीच लिहितो.

या अभ्यासक्रमाचे मूळ आपल्याच शिरूर तालुक्यातले. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील वरिष्ठ पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम उभा केला आणि शाळेत न रमलेली मुले प्रत्यक्ष कामातून उत्तम शिकतात हे तिथे दाखवून दिले. पुढे हीच पद्धत माध्यमिक शाळांत आली. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे तिचे चार विभाग. शिकवणारे निदेशक बहुधा परिसरातलेच कारागीर. मुलगे चिक्की करत आणि शिवणयंत्र चालवत, मुली वेल्डिंग करत. सुरुवातीला काही पालकांनी याला हरकत घेतली होती, पण मुलींनी घरातला बिघडलेला स्विचबोर्ड स्वतः दुरुस्त केल्यावर ती आपोआप मावळली.

पशुपालनाचा एक पाठ मला अजून जसाच्या तसा आठवतो. गाईला जंताचे औषध द्यायचे तर मात्रा वजनावर ठरते, आणि गाय काट्यावर चढवण्याची सोय गावात नसते. तेव्हा तिच्या छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजायची, घेराच्या वर्गाला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे, की अंदाजे वजन किलोत मिळते. घेर ६० आणि लांबी ५० इंच असेल तर उत्तर सुमारे २७३ किलो येते. त्या दिवशी एकाच गाईची तीन गटांची तीन उत्तरे आली. निदेशकांनी कोणालाही चूक ठरवले नाही. टेप कोठे सैल राहिली, गाय कधी हलली, कोणत्या गटाने पाय पुढेमागे असताना मोजले, हे त्यांनी आम्हालाच शोधायला लावले आणि नंतर सरासरी काढून ती वहीत, तारखेसह, लिहायला सांगितली. घेराचा वर्ग होत असल्यामुळे घेर मोजण्यातली छोटी चूक उत्तरात मोठी होते, हे बीजगणिताच्या तासाला कधीच उमगले नव्हते.

मुलाखतीला आलेल्या मुलाच्या हाती मी झिजलेला शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारा गोल दांडा, आणि जाडी-व्यास बारकाईने मोजणारे व्हर्निअर कॅलिपर देतो आणि व्यास मोजायला सांगतो. गुणपत्रिका उत्तम असलेली पुष्कळ मुले एकाच जागी, एकदाच मोजून आकडा सांगतात. झीज सगळीकडे सारखी नसते. शाफ्ट फिरवून दोन दिशांनी मोजणारा, शाफ्टला आधार देणारे बेअरिंग नेमके कोठे बसते असे विचारणारा आणि न सांगता आकडे लिहून ठेवणारा मुलगा किंवा मुलगी मला हवी असते. यंत्र चालवायला आम्ही काही आठवड्यांत शिकवू शकतो, परंतु ही सवय अठराव्या वर्षी नव्याने लावणे फार कठीण जाते.

दुसरी गोष्ट कॉस्टिंगची. कार्यशाळेत लोखंडी स्टूल केले तरी अँगल, वेल्डिंग रॉड, रंग, वीज आणि मजुरी धरून त्याची किंमत काढल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानले जात नसे, आणि कापताना वाया गेलेला तुकडासुद्धा हिशेबात येई. शिवाय आम्ही केलेल्या वस्तू कोणाच्या तरी खऱ्या गरजेच्या असत. आम्ही केलेली ग्रामपंचायतीची नळजोडणी गळली तर घरचे लोक दुसऱ्या दिवशी आम्हालाच विचारणार, या जाणिवेने कामात जी काळजी येते ती परीक्षेच्या गुणांनी येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद केली आहे. तिचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही दहा दिवसांत कामाची ओळख होते, हात बसत नाही. आमच्या हातांना वळण लागले ते तीन वर्षे दर आठवड्याला तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागल्यामुळे, आणि बिघडलेले काम उसवून परत करायला वेळ मिळाल्यामुळे. दहावीच्या निकालाच्या चिंतेने हा दिवस जादा तासांसाठी वापरावा असा आग्रह अनेक शाळांत धरला जातो. आपल्या शाळेने तो मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कार्यशाळेतील वेल्डिंग यंत्र आणि ड्रिल जुने झाले आहेत. ते बदलण्याचा खर्च आम्ही काही माजी विद्यार्थी मिळून उचलू, आणि मोजमापाची साधने तपासून देण्यासाठी वर्षातून एकदा मी स्वतः येईन. त्या दिवशी नववीच्या मुलामुलींसोबत व्हर्निअरचा एक पाठही घेता आला तर मला फार आनंद होईल.