आपल्या इकडची एक बी मालिका काहून नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नात विचारता, तेरवीत विचारता, दारव्ह्याच्या स्टँडवर चहा पिताना विचारता : "भाऊ, एवढ्या मोठ्या चॅनेलचा साहेब होता तू, मंग आपल्या इकडची एक बी मालिका काहून नाही काढली?"

साहेब मी फार उशिरा झालो. आधी यवतमाळात स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे मिळणारा वार्ताहर), मग मुंबईत एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. म्हणजे हिरॉइनला ताप आला की तिला कथेत माहेरी धाडायचं, पण रोजचा भाग वेळेत चॅनेलला पोचवायचा. प्रोग्रामिंगच्या खुर्चीत बसल्यावरही गुरुवारी टीआरपी आला की पोटात गोळा यायचाच. आणि २०१५ मध्ये टीआरपी मोजणाऱ्या बार्कने ग्रामीण आकडे द्यायला सुरुवात करेपर्यंत तुम्ही घरभर बसून पाहत असलात तरी आकड्यात नव्हतात. पुढे मालिका गावात गेल्या, पण कोल्हापूर-साताऱ्याच्या. मुंबईहून रातोरात युनिट पोचतं तिथं. हे कारण मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं नाही ते, पण पुरंही नाही.

एक पायलट, म्हणजे मालिकेचा नमुना भाग, केला होता. सुरुवात सीतादहीची. पहिल्या वेचणीच्या सकाळी बाई पऱ्हाटीपाशी दहीभात ठेवते, हात जोडते आणि पहिला कापूस ओटीत टाकते. मीटिंगमध्ये लावला. वरिष्ठ म्हणाले, "छान आहे. बाप केव्हा मरतो?"

म्हटलं, मरत नाही. कर्ज आहे, भावाशी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण आहे, पोरीचं लग्न आहे. जगतो तो.

"मग विदर्भात कशाला? पहिल्या भागाच्या शेवटी लटकव त्याला. नाहीतर कोल्हापुरात ने, नदी तरी दिसेल."

माणूस वाईट नव्हता. त्याचा हिशेब होता तो. आणि मला तो हिशेब नवा नव्हता. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांपायी पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तेव्हा मी बातम्यांच्या शूटिंगच्या टेपा ट्रॅव्हल्स बसच्या ड्रायव्हरच्या हाती नागपूरला धाडायचो. डेस्कवरून फोन यायचा, "बाई रडतानाचा शॉट आहे ना?" असला की पैसे लवकर मिळत. त्याच पैशांवर मुंबई गाठली. हे मात्र तुम्ही कोणी विचारत नाही.

पायलट मी मागे घेतला. तत्त्वासाठी? हो. प्रमोशन तोंडावर होतं, फसलेली मालिका नावावर नको होती, म्हणूनही? हो बाप्पा, म्हणूनही. तेव्हाचा मी छाती ठोकून म्हणायचा, बाप मारला नाही, हेच मोठं काम. आता मी त्याला विचारतो, बाप मेला असता तरी ती बाई वावरात उभी राहिली असती ना? जिनिंग, कापसाच्या पैशाचे चुकारे, उन्हाळवाहीची नांगरट, सगळं दिसलं असतं. तो म्हणतो, दोन महिन्यांत तिला मुंबईतल्या बंगल्यात नेऊन बसवली असती, तुला ठाऊक नाही का? ठाऊक आहे. अशा कितीतरी बाया मीच नेऊन बसवल्यात.

आणि "नोकरी सोडली ना, आता तरी काढ" म्हणणाऱ्यांसाठी : पायलट चॅनेलच्या पैशाने झाला, हक्क त्यांचे. माझ्याजवळ त्याची कॉपीसुद्धा नाही.