मापाची ब्रा शिवायला शिकले

ब्लाऊज शिवताना छातीच्या मापात एक-दीड इंच सैल सोडायचं हे हाताला इतकं बसलेलं असतं की टेप धरतानाच तो हिशेब होऊन जातो. ब्रा शिवताना तोच हिशेब उलटा करावा लागतो. छातीखालचा घेर 31 इंच असेल, तर छातीखालून पाठीभोवती जाणारा पट्टा शिवून झाल्यावर टेबलावर न ताणता मोजला की जेमतेम 26-27 इंच भरतो. तो अंगावर ताणूनच बसायला हवा, कारण बहुतेक सगळा भार त्यानंच पेलायचा असतो. जालन्यात मी वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवतेय, कटोरी, प्रिन्सेस कट सगळं येतं, तरी या क्लासमध्ये मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो या पट्ट्यानं.

क्लास छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत, मॅडमच्या घरी वरच्या मजल्यावर. रविवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. आमच्यात दोघी-तिघी शिवणकामवाल्या, एक फॅशन डिझायनिंग शिकणारी मुलगी, एक नर्सताई आणि वैजापूरकडच्या एक काकू, ज्यांना दुकानात स्वतःच्या मापाचं कधी मिळालंच नव्हतं. खिडक्यांना जाड पडदे, दाराला आतून कडी, आणि वर कुणी पुरुष माणूस फिरकणार नाही हे घरात सांगून ठेवलेलं. या गोष्टीला मी फार मान देते. आपल्याकडे काउंटरपलीकडचा माणूस नुसत्या नजरेनं नंबर सांगतो, आपण मान खाली घालून डबा पिशवीत टाकतो आणि घरी येतो. आरशासमोर उभं राहून, टेप लावून माप घेतलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय, हे त्या खोलीत जवळजवळ प्रत्येकीनं बोलून दाखवलं.

पहिला दिवस मापातच गेला. श्वास सोडून छातीखाली टेप घट्ट धरायची, मग सगळ्यात भरीव जागी सैलसर. माझं आलं 31 आणि 36. मी कायम 36 बी वापरत आले होते. दुकानांतली जुनी रीत अशी, की छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवायचे आणि नंबर द्यायचा. 31 चे 36 तसेच झालेले. मॅडमच्या हिशेबानं माझा पट्टा 32 नंबरचा, छातीच्या मापाशी फरक चार इंच. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. डी ऐकून नर्सताईसुद्धा माझ्याकडे बघायला लागल्या. तेव्हा मॅडमनी कपाच्या खालच्या गोलाईत घालायची एक तार उचलून दाखवली. 36 बी, 34 सी आणि 32 डी या तिन्हींना हीच तार लागते. कप तेवढाच राहतो, पट्टा कमी होत जातो. म्हणजे माझा कप इतकी वर्षं बरोबरच होता. पट्टा सैल असल्यानं तो मागून वर चढायचा, सगळं वजन खांद्यांवर यायचं आणि संध्याकाळपर्यंत तिथं लाल वळ उठायचे.

काकूंना हे पटेना. म्हणाल्या, "घट्ट घातलं की जीव घुसमटायलाय असं होतंय बाई, म्हणून मी मोठीच घेत असते." मॅडमनी त्यांना नमुन्याची ब्रा घालायला दिली आणि सगळ्यात बाहेरचा हूक लावला. पाठीमागं पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली. नवी ब्रा बाहेरच्याच हुकावर नीट बसली पाहिजे. आतले हूक पुढं इलॅस्टिक सैल पडल्यावर कामाला येतात. काकू बराच वेळ हात वर-खाली करून बघत होत्या.

सामानाचं सांगायचं तर हूक, लेस, साधं इलॅस्टिक गुलमंडीत मिळून जातं. पाठीसाठीचं पॉवरनेट म्हणजे ताणणारं जाळीचं कापड, नंबरवार तारा आणि तार घालायची मऊ नळी मात्र मॅडम मुंबईहून मागवायच्या. पॉवरनेटचा ताण शरीराभोवती आडवा आला पाहिजे, उभा कापला तर पट्टा वायाच. दोन कपांच्या मधल्या तुकड्याला आतून न ताणणारं अस्तर लावायचं, म्हणजे तो छातीच्या हाडावर सपाट टेकतो. तो टेकला नाही तर बहुतेक वेळा कप लहान पडतोय असं समजायचं.

साध्या मशीनची सरळ टीप इथं चालत नाही, इलॅस्टिक ताणलं की दोरा तुटतो. झिगझॅग लागते. गावोगाव साड्यांना पिको करायला असते ती मशीन यासाठी उत्तम, आणि ती माझ्याकडं होतीच. सुई मात्र अकरा नंबरची, स्ट्रेच कापडाची घ्यायची. साधी सुई पॉवरनेटवर टाके गाळते.

खालचं इलॅस्टिक लावणं मला सगळ्यात आवडलं. पहिल्या टिपेला इलॅस्टिक कापडाच्या सुलट बाजूवर ठेवायचं, त्याची नक्षीची कड आत, कपाकडं. कपाखाली अजिबात ओढायचं नाही, नुसतं ठेवत जायचं. कप संपून बगल लागली की डाव्या हातानं थोडा ताण द्यायला लागायचं आणि हुकापर्यंत तो सारखा ठेवायचा. मग उलटवून तीन टाक्यांची झिगझॅग. ती नक्षीची कड खालून बारीक डोकावते तेव्हा हातातलं काम दुकानातल्या मालासारखं दिसायला लागतं. तारेच्या नळीत दोन्ही टोकांना साधारण पाव इंच जागा मोकळी ठेवून मग आडवे पक्के टाके घ्यायचे. घातल्यावर तार थोडी फाकते. जागा नसेल तर ती कापड फोडून बाहेर येते आणि टोचते.

कटोरीचा सराव कपाला कामी आला. आत वळलेली आणि बाहेर वळलेली कड एकमेकांना जुळवायची, शिवण उघडून दोन्हीकडं बारीक टीप मारायची. फरक एवढाच की ट्रायलनंतर माझे दोन कप वेगवेगळे कापले, कारण डावी बाजू किंचित भरीव आहे. बहुतेकींचं असंच असतं, आणि तयार मालात ते कुणी विचारात घेत नाही. मापाचं शिवण्यातला खरा फायदा मला इथं दिसला.

आपल्याकडं मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो. पट्ट्याखाली घामोळ्या येतात, कातडी सोलपटते. म्हणून मी कपाला आतून सुती होजिअरीचं अस्तर लावते. गिऱ्हाइकांना सांगते की हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा, कडक उन्हानं इलॅस्टिक लवकर मरतं. पण सावली म्हणजे गाऊनच्या खाली झाकून ठेवणं नव्हे. तिथं ओलसर राहिलेलं कापड अंगाला लावलं की खाज सुटते, त्यापेक्षा घरात पंख्याखाली उघडी वाळत घाला.

कुणाला शिकायचं असेल तर फी भरण्याआधी एवढं विचारून घ्या: स्वतःच्या मापाची शिवून घेणार का, तारा अंगाला लावून बघायला मिळणार का, आणि प्रत्येकीला झिगझॅग मशीनवर बसायला मिळणार का. नुसतं पेपर कटिंग शिकवणाऱ्या ठिकाणी हे काम हाताला लागत नाही.

सध्या गल्लीतल्या एका मावशींची शिवतेय. त्यांचं एका बाजूचं ऑपरेशन झालंय. दोन्हीकडची तार काढून टाकली, पट्टा खालून रुंद केला, त्या बाजूच्या कपाला आतून सुती खिसा शिवला, त्यात पॅड बसतं. व्रणावर शिवण घासू नये म्हणून कपाचा जोड बाजूला सरकवला. पहिली ट्रायल झाली. मावशींना पट्टा आवडला, पण हात वर केला की पॅड सरकतंय, त्यामुळं खिशाचं तोंड लहान करून पुन्हा बोलवलंय.