मॅडम, अभ्यास कधी घेता?

कोपरखैरण्यात माझी इंग्रजीची शिकवणी चालते त्या खोलीच्या दाराशी, चपलांच्या ढिगापलीकडे उभं राहून पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. बहुतेक जण आडून विचारतात. एका वडिलांनी मात्र सरळ विचारला. एपीएमसीच्या घाऊक बाजारात माथाडी आहेत, रात्रपाळीला निघाले होते, हातात डबा होता. "मॅडम, पोरगी सांगती, तुमच्याकडं नुसते खेळच असतात. औंदा दहावी हाय तिची. अभ्यास कवा घेता?"

मी "घेते की" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे आणि बसची वेळ झालेल्या माणसाला ते सांगता येत नाही. पण खेळातून इंग्रजी शब्द कसे शिकवता, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल, म्हणून सांगते.

मी आधी खेळ घेत नव्हते. रोज वीस शब्द, समोर अर्थ, पाच-पाच वेळा लिहून आणायचे आणि शुक्रवारी चाचणी, अशी माझी शिस्त होती. वीसपैकी वीस मिळवणारी मुलं होती. सोमवारी त्यातलाच शब्द वाक्यात आला, की हीच मुलं माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तो रविवारी घरी बसून नवीन तयार केलाय.

तरी माझी शिस्त मोडली ती या विसराळूपणामुळे नाही, एका पोरामुळे. नववीतला होता, आवाज नुकताच फुटलेला. धडा मोठ्याने वाचताना त्याने 'आयलंड'ला 'इसलंड' म्हटलं. वर्ग हसला. आणि हे लिहायला मला अजून जड जातं, मीही हसले. वाईट हेतू नव्हता, पण हसले. त्यानंतर दोन महिने त्याने माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाही. विचारलं की मान खाली. दिवाळीनंतर तो आलाच नाही. त्यातला 'एस' मुका आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि त्याने जे अक्षर वाचलं ते समोर छापलेलं होतं. चूक भाषेची होती म्हणा ना. शिक्षा त्याला झाली.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे मराठी माध्यमातलं नववीतलं पोर आठ वर्षं इंग्रजी शिकून माझ्याकडे येतं. शब्द त्याच्याकडे नसतात असं नाही. सिग्नल, ब्रेक, बॅलन्स, डिस्काउंट, कॅन्सल, लेट, फास्ट, असे शेकडो शब्द ते रोज वापरतं. ठाणे-वाशी गाडीने येणाऱ्या पोरांना 'इनकन्व्हिनियन्स' आणि 'रिग्रेट' हे शब्द पाठ आहेत. रेल्वे इतक्या वेळा दिलगिरी व्यक्त करते की वेगळं शिकवावं लागत नाही. अडतं ते तोंड उघडताना. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला मार्क गेलेले चालतात. चारचौघांत, त्यातही समोरच्या बाकावरच्या मुलींसमोर, हसं झालेलं चालत नाही. खेळात चुकलं तर गुण जातो, बाकी काही जात नाही. माझ्या लेखी खेळाचं मोठं काम हेच. शब्द पाठ होतात हा वरचा फायदा.

सुरुवात केली नाव-गाव-फळ-फूलपासून. हा खेळ शिकवावा लागत नाही, हे त्याचं भाग्य. फक्त रकाने बदलले: स्वयंपाकघरातली वस्तू, बाजारातली वस्तू, शरीराचा भाग, आणि शेवटी एक क्रियापद. गुणांची पद्धत जुनीच ठेवली. दोघांचा शब्द सारखा आला तर पाच, दुसऱ्या कुणाचाच नसेल तर दहा. या दहा-पाचच्या हिशेबात केवढी अक्कल आहे ते मला वर्गात कळलं. 'बी'वर सगळे 'बॉल' आणि 'बनाना' लिहितात आणि पाच-पाच घेऊन गप्प बसतात. तिसऱ्या डावापासून पोरं दुसऱ्याला न सुचणारा शब्द शोधायला लागतात. एका फळ मार्केटातल्या कामगाराच्या मुलाने 'एफ'वर 'फ्रॅजाइल' लिहिलं. मी विचारलं, "बाजारातली वस्तू कशी काय ही?" तर म्हणाला, "आंब्याच्या एक्स्पोर्टच्या पेटीवर लिहिलेलं असतं मॅडम. म्हंजे हळू ठेवा." वस्तू नव्हे, विशेषण होतं. नियमाने शून्य. मी दहा दिले, त्यावर दहा मिनिटं भांडण झालं, आणि त्या भांडणात विशेषण म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं.

मग आल्या भेंड्या. गाण्यांच्या नाही, शब्दांच्या. समोरच्याच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून आपला शब्द. इथे एक गंमत आहे, ती मला स्वतःला उशिरा उमगली. मराठी भेंड्या कानावर चालतात. 'टेबल' ऐकलं की आपण 'ल' देतो. इंग्रजीच्या भेंड्या अक्षरावर चालतात. तिथे 'टेबल' 'ई'वर संपतो. ऐकू न येणारी 'ई'. पहिल्या आठवड्यात या 'ई'ने हाहाकार केला. टेबल, अॅपल, बॉटल, हाऊस, जो तो 'ई' टाकतोय, आणि एलिफंट, एग, एल्बो संपले की समोरचा गट चितपट. मग एका शांत मुलीने वहीत काहीतरी खरडलं आणि म्हणाली, "आय." मी म्हटलं, कोणता आय? "डोळा. ई, वाय, ई." सुरुवातही ई, शेवटही ई. 'ई' परत समोरच्याच्या गळ्यात! वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून पोरं शब्द बघताना त्याची शेपटी बघायला लागली. मुकी अक्षरं शिकवायला मी पूर्वी एक अख्खा तास आणि घसा खर्ची घालत असे.

यावरून 'ई' इतकी का येते हा विषय निघाला. मी त्यांना स्क्रॅबलची, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळाची, गोष्ट सांगितली. १९३०च्या दशकात अमेरिकेत मंदी होती, तेव्हा आल्फ्रेड बट्स नावाच्या एका बेकार वास्तुविशारदाने वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं, आणि त्या हिशेबावर खेळ बेतला. शंभर सोंगट्यांत 'ई'च्या बारा, किंमत एकेक गुण. 'क्यू'ची एकच, किंमत दहा. पोरांचा विश्वास बसेना. मग कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव आणले. ते ज्या इंग्रजी पेपरात बांधून आले, त्या तेलकट तुकड्यांवर चार गटांनी मोजणी केली. चारही तुकड्यांत 'ई' पहिली आली. हा अभ्यास की खेळ, हे मला त्या दाराशी उभ्या वडिलांना विचारायचं होतं. नंतर पुठ्ठ्याचे चौकोन कापून आम्ही आमचं स्क्रॅबल केलं. विकतचं परवडत नाही असं नाही, पण घरचं केलेलं हरवलं तर कुणी रडत नाही.

सगळ्यात लाडका खेळ मात्र निराळा. एकाला चिठ्ठीत शब्द मिळतो, त्याखाली तीन शब्द बंदी घातलेले. ते न वापरता, इंग्रजीतच बोलून, आपल्या गटाला शब्द ओळखायला लावायचा. 'हॉस्पिटल' आलं होतं. डॉक्टर, नर्स, पेशंट बंद. पोरगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "पीपल गो स्लोली, बिल कम्स फास्ट." व्याकरण बरं होतं की नव्हतं, देव जाणे. गटाने दोन सेकंदात ओळखलं. इथे शब्द डोक्यात कोंबावा लागत नाही, डोक्यातून उपसावा लागतो, तोही घाईत आणि कामापुरता. उपसलेला शब्द टिकतो. हातवारे करायचे नाहीत, मराठीत एक शब्द आला तर एक गुण वजा. गुण वजा होतोय म्हटल्यावर जी पोरं महिनाभर 'मॅडम, इंग्लिशमध्ये नाही जमत' म्हणत होती, ती जमवतात.

आता, सगळं गोडच होतं असं समजू नका. पहिल्या वर्षी एकच मुलगी प्रत्येक डाव जिंकायची. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावर पेन्सिली खाली. का खेळायचं, निकाल तर ठरलेला! तेव्हापासून माझ्या प्रत्येक खेळात थोडं नशीब घुसवते. बरोबर उत्तर दिलं की गुण लगेच नाही; फासा टाका, जितके पडतील तितके. हुशार पोरीला एक पडतो, अडखळणाऱ्याला सहा, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत कुणी जागा सोडत नाही. हुशारांच्या आया यावर नाराज असतात. असू देत. मुलगे विरुद्ध मुली असे गट मात्र मी कधीच करत नाही. या वयात त्याला इंग्रजीशी काही देणंघेणं उरत नाही.

दुसरी चूक चित्रांची. सफरचंदाचं चित्र दाखवून 'व्हॉट इज धिस' विचारलं, तर पंधरा वर्षांचा मिसरूड फुटलेला मुलगा तुमच्याकडे दयेने बघतो. "हे बालवाडीचं आहे, मॅडम." खरंच आहे ते. या वयाला डावपेच लागतात, नियमांवर वाद घालायला जागा लागते, आणि पंच व्हायला मिळालं तर फारच. सगळ्यात दंगेखोर मुलाला मी पंच करते. त्याला डिक्शनरी उघडावीच लागते.

फाशीचा खेळ, म्हणजे फळ्यावर रेघा मारून अक्षरं ओळखायची आणि चुकलं की माणूस लटकवत न्यायचा, तो मी बंद केला. एक तर ते चित्र मला पंधरा वर्षांच्या मुलांसमोर काढवत नाही. दुसरं, त्यात शब्द ओळखला तरी अर्थ कळतोच असं नाही. मोबाइलवरच्या घाईच्या प्रश्नमंजुषाही कमी केल्या. पोरं वाचत नाहीत, बोटं चालवतात.

आणि जोडीचे शब्द एका दिवशी कधी खेळायला घेत नाही. 'बॉरो' (उसनं घेणं) आणि 'लेंड' (उसनं देणं) मी एकदा एकत्र घेतले होते, सोपं जाईल म्हणून. ती तुकडी दहावी होऊन गेली, अजूनही त्यातली एक रस्त्यात भेटली की, "मॅडम, मला तुमच्याकडून पुस्तक लेंड पाहिजे" म्हणते. सारख्या अर्थाचे किंवा उलट अर्थाचे शब्द नवे असताना एकमेकांत गुंततात. आधी एक मुरू द्यावा, पंधरा दिवसांनी दुसरा आणावा.

शब्द निवडायचे कुठले, हाही प्रश्न येतो. पोरांना लांबलचक शब्द हवे असतात, रुबाबाला. मी त्यांना मायकेल वेस्टची यादी दाखवते. हा इंग्रज ब्रिटिश काळात ढाक्याला शिकवायचा. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावं म्हणून त्याने बरीच वर्षं घालवली. सगळ्यात उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची त्याची यादी १९५३ साली छापून आली. आधी हे दोन हजार, मग तुमचा रुबाब.

खेळ संपला की दहा मिनिटं चिडीचूप. डावात आलेले पाच शब्द वहीत, प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य, घरातलं, गल्लीतलं. मग ते चिठ्ठीवर लिहून बुटांच्या खोक्यात. खोक्यात पुठ्ठ्याचे चार कप्पे आहेत. आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. ही युक्ती माझी नव्हे, सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ साली मांडलेली. खोका मात्र माझ्या नवऱ्याच्या बुटांचा. ही दहा मिनिटं चुकली, की पालकांचं म्हणणं खरं ठरतं: नुसता खेळच झाला.

गेल्या फेब्रुवारीत त्या वडिलांना मी दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका दाखवल्या. पहिलाच प्रश्न: नामांची साखळी पूर्ण करा, प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने सुरू झाला पाहिजे. त्याखाली, दिलेल्या शब्दातली अक्षरं वापरून चार नवे शब्द करा. ते बराच वेळ बघत राहिले. "ह्या तर भेंड्याच," म्हणाले. मी म्हटलं, बोर्डाच्या. त्यांचं समाधान झालं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी ते पोरीला न्यायला लवकर आले होते, म्हणून दारातच थांबले. आत भेंड्या रंगात होत्या. समोरच्या गटाने 'कंट्री' टाकला आणि 'वाय' तिच्यावर आला. येलो झालेला, इयर झालेला, योगा कुणीतरी सकाळीच खर्च केलेला. पंच मोठ्याने आकडे मोजायला लागला. पाच, सहा, सात. चपलांच्या ढिगापलीकडून दबक्या आवाजात आलं, "यार्ड. मार्केट यार्ड म्हण की."

"पप्पा!" ती किंचाळली. "चीटिंग!"

पंचाने त्यांच्या गटाचे पाच गुण कापले.